जुन्या एमटीबीची फ्रेम किंवा फोर्क तडकला तर: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

आठ-दहा वर्षं दामटलेल्या एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, दुखणं बहुतेक वेळा एकाच वाटेने जातं. चढावर उभं राहून पेडल मारताना करकर आवाज येऊ लागतो. मेकॅनिक बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) बदलतो, आवाज तसाच राहतो. मग कधीतरी सायकल धुताना डाउन ट्यूबच्या (हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) वेल्डिंगशेजारी केसाएवढी रेघ दिसते आणि मालक फ्रेम उचलून थेट आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडे जातो. वेल्डिंग झकास दिसतं, वरून रंगाचा हात बसतो, आणि थोड्याच दिवसांत फ्रेम त्या वेल्डिंगला लागूनच पुन्हा तुटते. या वेळी चालत्या सायकलवर.

यात वेल्डिंगवाल्याचा दोष फारसा नसतो. त्याला लोखंड जोडायला सांगा, जोडेल; अ‍ॅल्युमिनियम सांगा, तेही जोडेल. चुकलेला असतो तो क्रम: धातू कोणता, तडा कुठे, तो का गेला, वॉरंटी शिल्लक आहे का, हे न बघता पहिलाच घाव वेल्डिंगचा घातलेला असतो.

पुढचे टप्पे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या हार्डटेलसाठी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलसाठी) आहेत: २६ इंची चाकं, ८० ते १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा फोर्क (पुढचा चिमटा), क्विक रिलीजचे (हाताच्या लिव्हरने सुटणारे) अ‍ॅक्सल. स्टील किंवा कार्बन असेल तिथे वेगळं काय करायचं ते त्या-त्या जागी सांगितलं आहे.

टप्पा १: सायकल तिथल्या तिथे थांबवा

तडा दिसला की त्या सायकलवर बसायचं नाही. घरापर्यंतही नाही. "उतारच आहे, हळू जातो" हा हिशेब सगळ्यात महागात पडतो. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, आणि फोर्क, स्टिअरर ट्यूब (फोर्कची वर जाणारी नळी) आणि ती ज्यात फिरते त्या हेड ट्यूबचे जोड यांच्यावर जास्तीत जास्त ताण नेमका तेव्हाच येतो.

मागच्या त्रिकोणातली एखादी नळी तुटली तर चाक लचकतं, टायर घासतो, बहुधा थांबायला वेळ मिळतो. हेड ट्यूबचा जोड, फोर्कचा क्राउन (दोन्ही पाय वर जिथे जोडले जातात तो भाग) किंवा स्टिअरर गेला तर मिळत नाही. हँडल हातात राहतं आणि पुढचं चाक वेगळ्या दिशेला जातं. म्हणून पुढच्या भागातला तडा कितीही छोटा असला तरी सायकल ढकलत न्यायची, नाहीतर पिकअप बघायचा. ताम्हिणीच्या मधोमध असलात तरी. मागची नळी तुटली असेल तर झिप टाय आणि एखादी सरळ फांदी बांधून चाक फिरतं करता येतं, पण तेही फक्त ढकलण्यापुरतं.

सावधान: नळी पूर्ण तुटली असेल तर तुटलेली तोंडं एकमेकांवर घासू देऊ नका. कापड गुंडाळा. त्या तोंडावर तडा कसा वाढला ते लिहिलेलं असतं, आणि टप्पा ६ मध्ये ते वाचायचं आहे.

टप्पा २: रंग खरवडायच्या आधी फोटो आणि वॉरंटी

हा टप्पा जवळजवळ सगळेच उलटा करतात. आधी पॉलिश पेपर घासतात, मग वेल्डिंग करतात, आणि मग कोणीतरी सांगतं की अरे, त्या कंपनीची फ्रेमवर आयुष्यभराची वॉरंटी होती. घासलेली किंवा वेल्डिंग केलेली फ्रेम सहसा कुठलीही कंपनी घेत नाही.

म्हणून आधी फोटो: पूर्ण सायकल उजव्या बाजूने, तड्याची जागा लांबून, तीच जागा जवळून शेजारी मोजपट्टी धरून, आणि फ्रेमचा नंबर. नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली ठोकलेला असतो. सायकल उलटी करून टूथब्रशने चिखल काढला की दिसतो. बिल शोधा. फ्रेमची वॉरंटी सहसा पहिल्या मालकालाच असते, अपघात त्यातून वगळलेला असतो, आणि "आयुष्यभर" म्हणजे तुमचं आयुष्य नसून फ्रेमचं, हे बारीक अक्षरात असतं. तरी विचारायला पैसे पडत नाहीत. वॉरंटीत बसलं नाही तरी काही कंपन्या तुटलेल्या फ्रेमच्या बदल्यात नवी सवलतीत देतात. विक्रेत्याला थेट विचारा. तो आपणहून सांगेलच असं नाही. फोर्कची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते.

तपासा: विक्रेत्याकडून "नाही" असं लेखी, निदान मेसेजवर तरी, आल्याशिवाय पुढे रंगाला हात लावायचा नाही.

टप्पा ३: धुणं, उघडणं, धातू ओळखणं

लागणारं सामान साधं आहे: अ‍ॅलन की आणि टॉर्क्सचा संच, टॉर्च, भिंग, पांढरं सुती फडकं, इअरबड, व्हर्निअर, पातळ मार्कर. सायकल साबणाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, त्याने बेअरिंगमधलं ग्रीस जातं आणि चिखल तड्यात अधिकच ठासून बसतो.

काहीही उघडण्याआधी टप्पा ५ मधल्या, पुढच्या खेळाच्या आणि क्विक रिलीजच्या चाचण्या करून घ्या. मग उघडण्याचा क्रम असा: आधी दोन्ही चाकं, मग सीटपोस्ट, मग स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) सुटं करून हँडलबार बाजूला लटकवायचा आणि फोर्क खाली ओढून काढायचा. हेडसेटच्या, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो त्या संचाच्या, बेअरिंग आणि रिंगा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून फोटो काढा. सुटे छर्रे असतील तर खाली ताट धरा. सीटपोस्ट किती आत होता, त्यावर मार्करने रेघ मारून ठेवा. ही रेघ पुढे लागणार आहे.

सीटपोस्ट अडकला असेल (पावसाळ्यात वर्षानुवर्षं न काढलेला पोस्ट अडकतोच) तर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सॅडल धरून डावी-उजवीकडे पिळा. हातोडा मारायचा नाही. तडकलेल्या सीट ट्यूबची चाचणी तिथेच संपेल.

आता चुंबक. नळीला चिकटला तर स्टील. नाही चिकटला आणि नळ्या जाड, वेल्डिंग रुंद व लहरीलहरींचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम. वेल्डिंगच नसेल आणि टिचकी मारल्यावर धातूचा नाद येत नसेल तर कार्बन. फोर्कच्या प्रत्येक भागाला चुंबक वेगळा लावा. स्वस्त फोर्कचा स्टिअरर आणि वरच्या चकचकीत नळ्या स्टीलच्या असतात, महागड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या. खालचे पाय बहुतेक चांगल्या फोर्कमध्ये मॅग्नेशियमचे.

टप्पा ४: तडा शोधा, आणि तो खराच तडा आहे का ते ठरवा

तडा वाटेल तिथे जात नाही. त्याच्या ठरलेल्या जागा आहेत, आणि त्याही वेल्डिंगवर कमी, वेल्डिंगच्या कडेला जास्त. टॉर्च समोरून न धरता नळीला जवळजवळ टेकवून, तिरपा उजेड पाडून बघा:

- डाउन ट्यूब आणि हेड ट्यूबचा जोड, विशेषतः खालची बाजू. तिथे मजबुतीची पट्टी असेल तर पट्टीचं मागचं टोक.
- सीट ट्यूब आणि टॉप ट्यूबचा जोड, आणि सीट ट्यूबच्या वरच्या खाचेचा तळ.
- बॉटम ब्रॅकेटच्या मागे, चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) जिथे जोडल्या आहेत तिथे. चेनच्या बाजूने चिखल साचतो, तो आधी काढा.
- डावी सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी), डिस्क ब्रेकच्या माउंटभोवती.
- मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाक ज्यात बसतं त्या खाचा.
- बाटलीच्या स्टँडचे स्क्रू जिथे बसतात त्या भोकांभोवती. इथे कोणी बघत नाही.

प्रत्येक जोडावरून इअरबड हलकेच फिरवा. कापसाचे तंतू अडकले तिथे मार्करने गोल करा. मग त्या गोलाकडे वळायचं.

रंगातली भेग आणि धातूतली भेग दिसायला सारखीच. जाड रंग, पुटी किंवा लॅकर नुसताच तडकू शकतो. रंगाचा पापुद्रा लाकडी काडीने किंवा पेंट रिमूव्हर लावून उचला. पॉलिश पेपरने जोरात घासू नका. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, घासल्यावर धातूच तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तडा झाकला जातो. कार्बन असेल तर पेंट रिमूव्हर अजिबात नाही, तो रेझिनही खातो. उघड्या धातूवर रेघ तशीच राहिली, पुसून गेली नाही, तर तो तडा. स्टीलमध्ये त्या रेघेतून गंजाचं तांबूस पाणी ओघळलेलं दिसतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये रेघ करडी-काळी असते.

अजूनही शंका असेल तर डाय पेनिट्रंट वापरा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानात तीन स्प्रेचा संच मिळतो: क्लीनर, लाल रंगाचा पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. उघडा धातू क्लीनरने पुसून पूर्ण वाळू द्या. लाल स्प्रे मारा आणि डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण दहा-पंधरा मिनिटं, थांबा. मग लाल रंग कोरड्या फडक्याने पुसा, आणि शेवटचा हात क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने फिरवा. इथेच चूक होते: क्लीनर थेट नळीवर फवारला की तड्यात शिरलेला रंगही धुतला जातो आणि फ्रेम खोटीच पास होते. शेवटी पांढरा डेव्हलपर, पातळ. पांढरा थर वाळत असताना त्यातून लाल रेघ वर येऊ लागली तर तडा आहे. ओरखडा असेल तर अस्पष्ट डाग येतो. तडा रेघच काढतो, आणि डोळ्यांना दिसत होता त्यापेक्षा बराच लांब निघतो.

कार्बनला हे सगळं लागू नाही. तिथे नाण्याच्या कडेने ठोकत जायचं, माठ घेताना वाजवून बघतो तसं. टणक आवाज मध्येच भसका झाला तर आतले थर सुटले आहेत.

फुल सस्पेन्शन सायकल असेल तर आधी शॉकचा एक बोल्ट काढून मागचा हात वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. करकर आणि खेळ बेअरिंगचा निघाला तर फ्रेम निर्दोष सुटली. नाही निघाला तर पिव्होटच्या (तो हात जिथे फिरतो त्या सांध्याच्या) भोवती तडा शोधा.

तपासा: एक तडा सापडला म्हणून थांबू नका. सगळ्या जागा संपवा, कारण सगळ्या जोडांनी तेवढेच धक्के खाल्लेले आहेत.

टप्पा ५: फोर्क वेगळा तपासा

फोर्कच्या तक्रारी दोन जातीच्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. तेल गळतं, हवा टिकत नाही, दाबला की वर येत नाही, ही सीलची आणि डॅम्परची (दबण्या-उठण्याचा वेग आवरणाऱ्या भागाची) दुखणी. सर्व्हिसने बरी होतात, पार्ट मिळाले तर. तडा, सैल झालेला क्राउन, झिजलेले बुश (नळ्या ज्यांवरून सरकतात त्या आतल्या बाह्या), ही दुखणी जीवावरची.

"पुढे खेळ आहे" ही तक्रार नेमकी कुठली, ते फोर्क काढण्याआधी ठरवलेलं बरं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. डाव्या हाताची बोटं हेडसेटच्या खालच्या सांध्यावर ठेवा: तिथे हालचाल जाणवली तर हेडसेट सैल. मग बोटं खालच्या पायाच्या सीलपाशी न्या: चकचकीत नळी आणि पाय यांच्यात हालचाल असेल तर बुश झिजले. दोन्हीकडे काहीच नाही आणि तरी टकटक होतेय, तर बहुधा ब्रेक पॅडच कॅलिपरमध्ये हलत असतात. ब्रेक सोडून, चाक जमिनीवरून उचलून, पाय हाताने हलवून खात्री करा.

फोर्क काढल्यावर बघायच्या जागा:

- स्टिअररचा तळ, क्राउन रेसच्या (क्राउनवर बसणाऱ्या बेअरिंगच्या कड्याच्या) लगेच वर. फोर्क काढल्याशिवाय ही जागा दिसत नाही, म्हणूनच ती राहून जाते.
- क्राउन. बऱ्याच फोर्कमध्ये स्टिअरर आणि वरच्या नळ्या क्राउनमध्ये दाबून बसवलेल्या असतात. ब्रेक दाबून हलवताना इथून करकर येत असेल तर ती पकड सुटत चालली आहे. चिकट द्रव्य ओतून आवाज काही दिवस बंद होतो; पकड परत येत नाही. तो पूर्ण भाग बदला, मिळत नसेल तर फोर्क बाद.
- डाव्या पायावरचं ब्रेक माउंट, दोन्ही ड्रॉपआउट आणि पायांना जोडणारी कमान. मॅग्नेशियमवर रंगाखाली फुगे आणि पांढरी भुकटी दिसली तर खारी हवा आणि घाम आत पोचला आहे. कोकणातल्या सायकलींवर हे लवकर दिसतं.
- वरच्या नळ्या. नखाला अडकणारा ओरखडा सील फाडतो. कोटिंग जाऊन खालचा धातू उघडा पडला असेल तर नवे सील टाकण्यात अर्थ नाही.

पुढचं चाक फोर्कमध्ये बसवलेलं असतानाच करायची एक चाचणी आहे. २०१५ साली अमेरिकेत ट्रेकसह अनेक कंपन्यांनी डिस्क ब्रेकच्या सायकलींवरचे काही क्विक रिलीज परत मागवले होते. त्यांचा लिव्हर १८० अंशांपेक्षा जास्त उघडत होता आणि नीट बंद नसला तर डिस्कमध्ये अडकून चाक थांबवू शकत होता. तुमचा लिव्हर पूर्ण उघडा. तो आणि डिस्क यांच्यात ६ मिमीपेक्षा कमी जागा राहत असेल तर क्विक रिलीज बदला. आणि ड्रॉपआउटच्या टोकाला जे ओठ असतात ते चाक काढायला अडचण होते म्हणून कानशीने घासून टाकू नका. लिव्हर सैल पडला तर चाक तेवढ्यावरच अडतं.

सावधान: एअर फोर्क खोलण्याआधी व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडा. हवा भरलेली टोपी पान्याने फिरवली तर ती चेहऱ्याच्या दिशेनेच सुटते.

टप्पा ६: का तुटलं, ते आधी समजून घ्या

तुटलेलं तोंड भिंगाखाली धरा. धातू थकून हळूहळू तडकला असेल तर एक भाग काळपट, गुळगुळीत, एकामागे एक बारीक वक्र रेषांचा दिसतो, आणि शेवटी तुटलेला भाग चकचकीत, खरबरीत. काळपट भाग मोठा म्हणजे तडा बरेच दिवस जुना, आणि करकर त्याचीच होती. रेषांचं वळण जिथून सुरू होतं तिथे बघा: वेल्डिंगची कड, एखादा ओरखडा किंवा स्क्रूचं भोक सापडेल. संपूर्ण तोंड चकचकीत असेल तर एकाच फटक्यात तुटलं, म्हणजे उडी किंवा धडक.

कारण बहुधा यांतलंच एक असतं. सीट ट्यूबच्या माथ्याशी तडा: सीटपोस्ट खूप वर होता. टप्पा ३ मधली मार्करची रेघ बघा. पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्या खालपर्यंत गेलेलं हवं, आणि पोस्टवरची किमान मर्यादेची खूण कधीच बाहेर दिसता कामा नये. हेड ट्यूबच्या मागे तडा: ८० किंवा १०० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला १२० किंवा १४० मिमीचा फोर्क लावला होता का? लांब फोर्क म्हणजे हेड ट्यूबवर लांब तरफ. हे अपग्रेड आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि जुन्या फ्रेमी मोडण्याचं ते खात्रीचं कारण आहे. सीटस्टेवर तडा: क्लॅम्प आवळून लावलेला सामानाचा कॅरिअर.

कारण तसंच राहिलं तर नवी फ्रेमही त्याच जागी जाईल.

टप्पा ७: दुरुस्त करायचं की बदलायचं

अ‍ॅल्युमिनियम फ्रेम: बदला. तेवढंच उत्तर पुरेसं आहे, पण वेल्डिंगवाला "करून देतो" म्हणाला की मन डळमळतं, म्हणून कारण सांगतो. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम फ्रेमी ६०६१ मिश्रधातूच्या, टी६ अवस्थेतल्या असतात. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर आख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवतात, वाकली असेल ती सरळ करतात, आणि मग १६० ते १८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात. तिची ताकद तापवून विझवणं आणि ही भट्टी या दोन पायऱ्यांतून येते. गल्लीत पुन्हा वेल्डिंग केलं की वेल्डिंगच्या मण्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी मऊ पडते, तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून पुढचा तडा वेल्डिंगवर न जाता शेजारी जातो. वरून पट्टी ठोकली तर तडा पट्टीच्या टोकाशी सरकतो, एवढाच फरक. ७००५ मिश्रधातूच्या फ्रेमीला पाण्यात विझवावं लागत नाही, पण भट्टी तिलाही लागते.

भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाले आहेत, मग? फ्रेम तापवून विझवली की मुरडते, ती सरळ करायला जिग (फ्रेम घट्ट धरणारा साचा) लागतो, बेअरिंगच्या जागा पुन्हा आखाव्या लागतात, रंग पूर्ण जातो. एवढ्या खर्चात दुसरी फ्रेम येते.

तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायचा सल्लाही मिळेल. पत्र्याच्या कामात ती तात्पुरती युक्ती आहे. माणूस बसणार त्या नळीवर ती करायची नाही.

स्टील फ्रेम: दुरुस्त होऊ शकते. पण सायकलची नळी एक मिमीच्या आसपास, कधी त्याहून पातळ असते. गेट-ग्रिल करणाऱ्याच्या साध्या आर्क वेल्डिंगने भोक पडतं. पातळ नळीवर टिग (म्हणजे आर्गॉन वेल्डिंग) किंवा पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधणं) करणारा माणूस शोधा, आणि आधी आतला गंज बघा. नळी आतून खाल्ली गेली असेल तर बाहेरची दुरुस्ती फुकट. काम झाल्यावर दोरीची चाचणी: एका मागच्या ड्रॉपआउटला दोरी बांधून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ते सारखं यायला हवं. स्टीलचा थोडा बाक काढता येतो, अ‍ॅल्युमिनियम सरळ करायच्या फंदात पडू नका.

कार्बन: दुरुस्ती होते, पण ती थर बसवणाऱ्या जाणकाराकडे. अ‍ॅराल्डाइट आणि पट्टी ही दुरुस्ती नव्हे.

फोर्क: तडा असेल तर बाद, धातू कोणताही असो. मॅग्नेशियमचे पाय ग्राइंडर लावायला कोणालाच देऊ नका, त्याची भुकटी पेट घेते.

एक दिलासा: मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो टांगायचा तुकडा, तुटला म्हणजे फ्रेम गेली असं नाही. बहुतेक अ‍ॅल्युमिनियम फ्रेमींवर तो दोन स्क्रूंनी बसवलेला सुटा तुकडा असतो. जुना तुकडा नमुना म्हणून घेऊन जा. त्याचे आकार पन्नास प्रकारचे.

टप्पा ८: खरेदीआधी मापं घ्या

व्हर्निअर काढा आणि कागदावर लिहा. दुकानात जाऊन "२६ची फ्रेम द्या" म्हणणारा माणूस दोनदा फेरी मारतो.

नवी फ्रेम घेताना:

- हेड ट्यूबचा आतला व्यास. ३४ मिमी असेल तर फक्त सरळ, २८.६ मिमीचा स्टिअरर जातो. ४४ मिमी असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्डही (खाली जाड होत जाणाराही) बसतो.
- बॉटम ब्रॅकेटची रुंदी, ६८ की ७३ मिमी, आणि आट्यांची की दाबून बसवायची.
- मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर. जुन्या क्विक रिलीज हबला १३५ मिमी लागतात. १४२ किंवा १४८ च्या फ्रेमीत तुमचं चाक चालणार नाही.
- सीटपोस्टचा व्यास: २७.२, ३०.९ आणि ३१.६ हे नेहमीचे. मोठ्या नळीत छोटा पोस्ट शिमने (मधल्या पातळ बाहीने) बसतो, उलटं नाही.
- ब्रेकचं माउंट आणि पुढच्या डिरेलरचा क्लॅम्प.

यांतली दोन-तीन मापं जुळत नसतील तर फ्रेमचा नाद सोडा आणि दुसऱ्या कोणाची वापरलेली पूर्ण सायकलच बघा. हब, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट सगळंच बदलून बसवलेली जुनी सायकल नव्यापेक्षा महाग पडते.

फोर्क घेताना सगळ्यात महत्त्वाचं माप अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउन रेसच्या बैठकीपर्यंतची लांबी. २६ इंची, १०० मिमीच्या फोर्कची ती ४७ सेंमीच्या आसपास असते. २९ इंची चाकाच्या तेवढ्याच ट्रॅव्हलच्या फोर्कची ५० च्या वर. लांबी २० मिमी वाढली की हेडचा कोन साधारण एक अंश मागे पडतो, आणि तरफ वाढते ती वेगळीच. जुन्याच्या आसपास राहा. रिजिड फोर्क, म्हणजे साधा चिमटा घेत असाल तर तो सस्पेन्शनच्या लांबीचा घ्या. रस्त्याच्या सायकलचा आखूड चिमटा लावला तर पुढची बाजू खाली बसते आणि पेडल दगडांना लागतं.

जुना फोर्क घेताना स्टिअररची लांबी विचारा. तो आधीच्या मालकाच्या फ्रेमीनुसार कापलेला असतो. तुमची हेड ट्यूब, हेडसेटची उंची आणि स्टेमची उंची यांची बेरीज त्यात बसली नाही तर तो तुमच्यासाठी भंगार. स्टिअरर वाढवायचे जुगाड करू नका.

सावधान: जुन्या फ्रेमीवर ताजा रंग दिसला तर सीटपोस्ट आणि फोर्क काढून दाखवायला सांगा आणि टप्पा ४ तिथेच करा. विकणारा काढू देत नसेल तर परत या.

टप्पा ९: बसवण्याचा क्रम

बॉटम ब्रॅकेटच्या चेनच्या बाजूला उलटे आटे असतात: काढताना घड्याळाच्या दिशेने, बसवताना उलट. ग्रीस लावून आधी हाताने चार-पाच वळसे जाऊ द्या, मगच पाना. नव्या फ्रेमीचे आटे खराब करण्याची ही सर्वांत सोपी जागा.

फोर्कला क्राउन रेस पूर्ण टेकेपर्यंत बसवा. भोवती उजेडाची फट दिसता कामा नये. मग सगळं न कापता जोडा: बेअरिंग, स्पेसर, स्टेम. स्टेमच्या (किंवा वरच्या स्पेसरच्या) माथ्याशी स्टिअररवर रेघ मारा, उतरवा, आणि त्या रेघेच्या ३ मिमी खाली कापा. आधी कापून मग मोजणारे भेटतातच. पहिल्यांदा करत असाल तर एक स्पेसर जास्तीचा ठेवा. कापलेली कड कानशीने आतून-बाहेरून साफ करा. स्टार नट (वरच्या टोपीचा बोल्ट ज्यात बसतो ते स्टिअररमधलं नट) सरळ ठोका. कार्बन स्टिअररमध्ये स्टार नट नाही, एक्स्पांडर प्लग.

आवळायचा क्रम: स्टेमचे बोल्ट सैल, वरच्या टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंत, हँडल चाकाशी सरळ, मग स्टेमचे बोल्ट आलटून पालटून. टोपीचा बोल्ट फक्त खेळ काढतो, फोर्क धरून ठेवतो तो स्टेम. स्टेम आवळलेला असताना टोपी फिरवत बसलात तर नुसता स्टार नट वर ओढला जातो. स्टेमचे बोल्ट बहुधा ५ ते ६ न्यूटन मीटरला असतात. आकडा स्टेमवरच छापलेला असतो, तोच खरा.

तपासा: पुढचा ब्रेक दाबून खेळ नाही, आणि पुढचं चाक उचलल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडतं. दोन्ही एकाच वेळी जमलं तर हेडसेट बरोबर.

टप्पा १०: पहिली फेरी आणि जुनी फ्रेम

पहिली फेरी ट्रेलवर नाही. सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने पुढचा ब्रेक जोरात दाबा, मग उभं राहून पेडल मारा, मग एखाद्या स्पीड ब्रेकरवरून जा. घरी येऊन स्टेम, ब्रेक कॅलिपर, क्रँक आणि क्विक रिलीज पुन्हा बघा. पहिल्या मोठ्या फेरीनंतर पुन्हा एकदा. त्यानंतर टप्पा ४ मधली इअरबडची फेरी पावसाळा संपल्यावर आणि प्रत्येक मोठ्या पडझडीनंतर. पावसात भिजलेल्या सायकलीचा सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी टेकवा. आत साचलेलं पाणी किती निघतं ते बघून चकित व्हाल.

बाद फ्रेमीतून हँगर, सीट क्लॅम्प, बाटलीचे स्क्रू आणि चालतील ते हेडसेट कप काढून ठेवा. उरलेली फ्रेम भंगारवाल्याला देण्याआधी हॅकसॉने डाउन ट्यूब आरपार कापा, आणि फोर्कचा स्टिअरर क्राउनपाशी. नाहीतर कोणीतरी ती वेल्डिंग करून, रंग मारून, पुन्हा विकायला काढतो.